पाळकांचा सोमवार

न्चेऊ, मलावी

पाळकसाहेब म्फुने यांना एनिफाचा सलाम.

तुम्ही बहिणीच्या गावी पडून आहात, बायबलसुद्धा उघडत नाही, असं कळलं. डॉक्टर म्हणाले, माणूस थकून मोडलाय.

सोमवारी तुम्हाला सुट्टी, हा ठराव चर्चच्या मंडळीची पंच म्हणून मीच करून घेतला होता. तुमच्या दारात बसून मी लोकांना हाकलायचे, "मरायचं तर मंगळवारी मरा!" तुम्ही आतून हसायचात.

मग रविवारी माझा भाऊ गेला. सोमवारचं दफन पंचांनी करायचं, हा नियमही माझाच. तरी तुमचं दार मीच वाजवलं. सात दिवसांतलं ते तुमचं पाचवं दफन होतं. तुम्ही सायकल काढलीत, आणि कबरीपाशी प्रार्थना अर्ध्यावर सोडून मटकन खाली बसलात.

भावाच्या मायेपोटी बोलावलं, असं सगळ्यांना सांगते. खोटं आहे. तो जन्मात चर्चला आला नाही. "एनिफाच्या घरच्या मयताला पाळक नाही?" असं बायांनी म्हणू नये, एवढ्यासाठीच बोलावलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंत तर मला माफ करायला बसाल, आणि तेही तुम्हाला एक कामच होईल.

तुमच्या दारावरची राखणदार,
एनिफा