आमची बोडी, सरांचं तळं

माय, काल शाळेत सगळ्यांसमोर तुझ्या सुनेला सांगितलं गेलं की पोरीचा अभ्यास तिने घेऊ नये. माझा राग अजून गेलेला नाही. आज बुद्धवंदना म्हणतानाही तेच डोक्यात होतं, म्हणून तुला लिहायला बसलो.

तू न पाहिलेली तुझी नात चौथीत आहे. घराजवळच्या पाण्यावर पाच ओळी लिहायच्या होत्या. चुलीपाशी आई सांगत गेली, लेक लिहीत गेली. पहिली ओळ होती, 'आमच्या बांधीच्या वर बोडी आहे.' बांधीतल्या धानाला पाणी देणाऱ्या लहानशा तळ्याला आपण दुसरं काय म्हणणार? पण सर बाहेरून बदलून आलेले. त्यांच्याकडे बोडी म्हणजे भादरलेलं डोकं. त्यांनी बोडीवर लाल रेघ मारून वर 'तळं' लिहिलं, ती ओळ वर्गात वाचून दाखवली आणि हसले. ज्यांची भातं बोडीच्या पाण्यावर पिकतात, ती पोरंही हसली.

काल पालकसभेत सर म्हणाले, "ताई, तुम्ही अभ्यास घेऊ नका. तिची भाषा बिघडते. शिकवणी लावा." मागून एक म्हातारा ओरडला, "सर, माही बोडी मंजूर झाली त सरकारच्या कागदावर बोडीच लिवली होती! का सरकारनं माहं डोस्कं भादरलं?" सगळे हसले, पण तुझी सून हसली नाही. मी उठलो आणि तिच्या बाजूने पोटतिडकीने बोललो. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "तुमी बी सरासारखेच बोलले."

आज पोर भिंतीकडे तोंड करून लिहीत होती. आई जवळ गेली तर तिने वहीवर हात ठेवला. मी म्हटलं, "आईले विचार." ती म्हणाली, "आईले नाई समजत."

माय, हेच वाक्य मी तुला ऐकवलं होतं. तू अंगणात मोहफुलं निवडत बसली होतीस. रोजच्यासारखं विचारलंस, "गुरुजीनं आज का शिकवलं?" मी म्हटलं, तुले नाई समजत. तू मान वर न करता म्हणालीस, "मले नाई समजत म्हणूनच सांग. तुले समजलं असन, त मले समजन." मग मी सांगायचो, अडायचो, पुन्हा पुस्तक उघडायचो. तुला एक अक्षर येत नव्हतं, तरी माझा अभ्यास तूच घेतलास. सगळी पाली वंदना तू ऐकून पाठ केली होतीस. तेव्हा कोणी म्हटलं नाही की हिच्या तोंडी भाषा बिघडते.

तुझं ते वाक्य मी पोरीला जसंच्या तसं सांगितलं. ती फुरंगटून आईसमोर बसली आणि तळ्याचा धडा सांगू लागली. आई मधेच म्हणाली, "थांब. तळं म्हणजे आपली बोडीच ना व?"

"नाई व, तळं मोठं रायते."

"मंग बोडीले पुस्तकात का म्हणते?"

पोर थांबली. पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं. "पुस्तकात नाईच हाये."

"मंग तू लिव."

तिने वहीत पुन्हा 'बोडी' लिहिलं. उद्या त्यावर पुन्हा लाल रेघ आली तर मी शाळेत जाणार आहे, आणि या वेळी घरी बोलतो तसाच बोलणार आहे.

एवढं लिहून कागद वाचला, तर सगळीकडे 'मला', 'तुला'. तुझ्याशी मी जन्मात असा बोललो नाही. हे कोणी तुला वाचून दाखवलं असतं तर तू म्हणाली असतीस, "हा कोण पाव्हना आला व?"