पारव्यांच्या आठवड्यातली मॅच

१ सप्टेंबर, सोमवार
आजपासून मी लाबास्तेर रग्बी क्लबचा प्रसिद्धीप्रमुख. सासरेबुवांच्या बदकाच्या मांसाच्या डब्यांवरची लेबलं अकरा वर्षं लिहिली, त्याचं चीज झालं. सासरेबुवा, म्हणजे गास्तों, डब्यांच्या कारखान्याचे मालक, क्लबचे अध्यक्ष आणि बायकोचे वडील. कुठूनही पळालो तरी त्यांच्याच अंगणात जाऊन पडणार.

परवाच्या मॅचला प्रेक्षक ६११. त्यात बँडवाले चाळीस. स्टेडियम पाच हजारांचं.

सासरेबुवांनी स्वच्छ सांगितलं. शेजारच्या सार्बिझां क्लबने विलीनीकरणाचा कागद पाठवलाय. ऑक्टोबर संपायच्या आत एक मॅच, एकच, टीव्हीवर आणि भरल्या स्टेडियमात करून दाखव, नाहीतर मी सही करून मोकळा होतो, असं म्हणाले. सार्बिझां! आमची निळी जर्सी जाऊन त्यांची ती पिवळी अंगावर येणार. माझ्या आजोबांना निळ्या जर्सीत पुरलंय.

मी म्हटलं, झालंच म्हणून समजा.

संकल्प: १) रोज एक नवी कल्पना. २) यंदा रानपारव्यांच्या शिकारीला जायचं नाही. एकदाही नाही.

६ सप्टेंबर
कल्पना: तिकिटावर बदकाचा एक डबा फुकट. गेटवर ही रांग! ७९० लोक. त्यातले तीनशे डबा घेऊन मॅचआधीच घरी गेले. म्हणजे गर्दी जमवता येते हे सिद्ध झालं. टिकवणं हा वेगळा विषय.

८ सप्टेंबर
खेळाडूंना सोमवारच्या बाजारात उभं केलं. लोकसंपर्क. कॅप्टन तेविता, आमचा टोंगा बेटांवरचा अगडबंब प्रॉप, पहिल्या फळीतला, गुडघा दुखावल्यामुळे सध्या मोकळाच आहे. त्याला कांद्याच्या पातीवाल्या आजीशेजारी पोस्टर देऊन बसवलं. दुपारपर्यंत आजीची सगळी पात खपली. तिकीट एकही नाही. लोक तेविताला एवढंच विचारत होते की यंदा पारवे लवकर येतील का. नऊ वर्षांपूर्वी आला तेव्हा या माणसाला पारवा आणि कोंबडी यातला फरक कळत नव्हता. आता आकाशाकडे बघून वारा सांगतो.

१३ सप्टेंबर
बदकाचा पोशाख मीच घातला. मैदानावर नाचलो. मुलं खूश! (पाच मुलं.) हाफटाइमला चेन अडकली. निघेना. सासरेबुवा आले, बदकाला म्हणाले, जावईबापू, उद्या सकाळी मीटिंग आहे, माणसाच्या वेषात या. घरी बायकोने, मिरेयने, मासे कापायच्या कात्रीने सोडवलं. कापताना एक शब्द बोलली नाही. मला वाटतं, तिला अभिमान वाटला असावा.

१७ सप्टेंबर
आमच्या भागाच्या पेपरातली ओदिल आली. लग्नं, मयती आणि रग्बी अशी तीन खाती बघते. माझी दीड तास मुलाखत घेतली.

१९ सप्टेंबर
मुलाखत छापून आली. चार ओळी, श्रद्धांजलीच्या पानावर. फोटो मात्र मोठा. सकाळपासून तिघांनी मिरेयचं सांत्वन केलं. पण याचाच अर्थ ते पान लोक वाचतात. नोंद घेतली.

२४ सप्टेंबर
टीव्ही! टीव्ही!! चॅनलवाले एक मॅच दाखवायला तयार झाले. सार्बिझांविरुद्धचीच. तारखा दोन: ४ किंवा १८ ऑक्टोबर. निवड क्लबने करायची.

मी शास्त्रशुद्ध काम केलं. कारखाना, लाकूड गिरणी, पोस्ट, नगरपालिका, सगळ्यांची रजेची रजिस्टरं पाहिली. १८च्या आठवड्यात शंभरातली नव्वद माणसं रजेवर! गाव मोकळंच. १८ कळवून टाकली.

रजा कशासाठी असते ते मलाही ठाऊक आहे. मी काय परका आहे? १८ला सेंट ल्यूकचा दिवस, उत्तरेकडून पारव्यांचे थवे येतात, गाव जंगलात जातं. पण पारवे उडतात सकाळी. मॅच दुपारी तीनला. एवढा साधा विचार आजवर कुणाला सुचला नाही, याचंच नवल वाटतं.

२५ सप्टेंबर
मिरेयला तारीख सांगितली. तिने हातातली पळी खाली ठेवली. अरे, तू शुद्धीवर आहेस ना, एवढंच म्हणाली. सासरेबुवांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवलं. मग म्हणाले, बदलता येईल? नाही येत. चॅनलने जाहीर केलंय. आता सगळेच अडकलो, असं म्हणाले. मी म्हटलं, अडकलो नाही, बांधील आहोत.

६ ऑक्टोबर
तिकिटं ११००.

११ ऑक्टोबर
२९००!! फेर्नां खाटकाने एकट्याने बारा घेतली. लोक डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, आपला क्लब आहे, तिकीट घ्यायलाच हवं. मिरेय म्हणाली, घेतील रे, पण येतील का ते विचार. हिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. बापावर गेलीय.

१५ ऑक्टोबर
४१००. जिंकलो! फक्त वारा बदललाय. ईशान्येचा, कोरडा, गार. मला काय त्याचं? मी सोडलंय. सहज म्हणून गच्चीवर जाऊन पाहिलं. तीनदा.

१८ ऑक्टोबर, सकाळ ६.३०
गावात चिटपाखरू नाही. पाव आणायला गेलो, तर बेकरी बंद. जंगलात फेर्नांच्या लपणावर, म्हणजे शिकारीच्या खोपट्याकडे, चाललोय. शिकारीला नव्हे! दुपारी तीनची आठवण द्यायला. पाच मिनिटांचं काम. तिथून थेट स्टेडियम. कॅमेरावाले अकराला येणार.

७.२०, लपणात
मॅचच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. फोन आत शिरतानाच पत्र्याच्या डब्यात काढून घेतला, इथला नियम. फेर्नां, लाकूड गिरणीचे तिघे आणि तेविता. गुडघ्यामुळे खेळता येत नाही, पण शिडीने झाडावर चढता येतं. आता निघणार, तोच वरून तेविताची शिट्टी. थवा. अशा वेळी हललात तर खून होतो.

९.४०
थव्यामागून थवा. पंधरा वर्षांत असा दिवस पाहिला नाही. आकाश निळं राहिलेलंच नाही. उठायचा प्रयत्न केला, फेर्नांने खांदा दाबून खाली बसवलं. मुकाट बस, जावईबापूंचा तोरा स्टेडियमात दाखव, असं कुजबुजला. त्याला म्हटलं, मला चार हजार माणसं सांभाळायचीत. तो म्हणाला, त्यातली सहा इथेच आहेत.

११.३०
कॅमेरावाले आले असतील. सासरेबुवा आहेत म्हणा. मी अक्षरशः कोंडलो गेलोय. नेच्यांचं छप्पर, नेच्यांच्या भिंती, गुडघे छातीला. माणसाने किती सोसावं?

१.१५
थवे थांबले. फेर्नां म्हणाला, जा आता, गाडी काढ, वीस मिनिटांत पोचशील. पण वाऱ्याचा काही भरवसा नाही. आणि त्याने कोबीचं सूप वाढलं, वर बदकाची तंगडी. वाढलेल्या ताटावरून उठू नये.

२.२०
पुन्हा सुरू. अडकलो. माझा इलाज नाही.

३.०५
मॅच सुरू झाली असणार. फेर्नांचा हात भरून आला, म्हणून थव्याला खाली बोलवायला बांधलेल्या आमिषाच्या पारव्याची दोरी जरा वेळ मी धरलीय. जरा वेळच.

१९ ऑक्टोबर
आपण जिंकलो. २४-९. सार्बिझांला कित्येक वर्षांनी पाणी पाजलं.

सार्बिझांचे सातशे लोक बसने आले होते. त्यांच्याकडे जंगल नाही. आपल्या बाजूला ५२. बँडही जंगलात. टीव्हीवर रिकामे बाक दाखवत निवेदक विचारत होता की या गावात काही साथ वगैरे आली आहे का. आज देशभर तीच क्लिप फिरतेय. तीन चॅनलचे फोन आले. एवढी प्रसिद्धी आजवर कोणत्या प्रसिद्धीप्रमुखाने मिळवून दिली?

सासरेबुवा पूर्ण मॅचभर अध्यक्षांच्या बाकावर एकटे बसले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सेंट ल्यूकला स्वतःच्या लपणावर गेले नाहीत. ओदिलने फोटो छापलाय. बाकीच्या जागांवर त्यांनी स्वतःच निळे रुमाल ठेवले होते, चार हजार, पहाटेपासून एकेक करून.

मी फोन करून सांगितलं, मी कोंडलो गेलो होतो. ते म्हणाले, असेल.

२१ ऑक्टोबर
सही झाली. नव्या नावात सार्बिझां आधी. जर्सी पिवळी, बाहीला निळी पट्टी. सह्यांच्या कार्यक्रमाला गर्दी झाली होती. सगळे आले, सगळे रडले. फेर्नां तर हमसून हमसून. तेविताने त्याला धरलं होतं. हॉल अपुरा पडला, लोक रस्त्यावर उभे. कॅमेरे चार. मी डोकी मोजली, सवयीने. तीन हजारांच्या वर.

सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं, खिशात ठेवलं, आणि गेले.

घरी आल्यावर मिरेयने विचारलं, खरं सांग, तुला तिथे कुणी अडवून ठेवलं होतं? मी म्हटलं, अगं, कोंडलं होतं, एकदा थवे सुरू झाले की बाहेर पडता येत नाही. ती म्हणाली, दुपारी एकला थांबले होते, खाटकाकडे सगळं गाव सांगतंय. मी म्हटलं, दार बंद होतं.

ती उठून जेवणाची पानं घ्यायला लागली.

लपणाला दार नसतं. नेच्यांचा पडदा असतो, हाताने बाजूला करायचा. सव्वा एकला मी तो एकदा बाजूला करूनही पाहिला होता. गाडी समोरच उभी होती. मग आत येऊन बसलो.