सगळ्यांना एकदा भेटून येऊ

३ एप्रिल

निघालो एकदाचे! सात म्हणता म्हणता साडेनऊ. बाबांनी डिकी भरली, उपसली, परत भरली. मी चालवते म्हटलं तर — "तुला माझ्या गाडीचा क्लच कळत नाही." गाडी अजून का चालतेय हे तिचं तिलाच कळत नसेल.

चिडलेय. इथे लिहून टाकते, म्हणजे आईसमोर चेहरा बरा ठेवता येईल. एक्स-रे विभागात आम्ही मोजून तिघीजणी. सुट्टी मागितली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी असं पाहिलं, जणू मी मशीनच उचलून घरी नेतेय. आणि सुट्टी कशासाठी? तर "सगळ्यांना एकदा भेटून येऊ." हे बाबा म्हणतात! मामाचा फोन आला की जे बाथरूममध्ये जाऊन बसायचे, ते. स्वतःच्या सख्ख्या बहिणीशी ज्यांनी बोलणं टाकलंय, ते. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी नातेवाइकांचं प्रेम उतू चाललंय.

टिल्लू मागे माझ्या शेजारी. माझा धाकटा भाऊ, छत्तीस वर्षांचा, सहा फुटी, गुडघे छातीला लागलेत — तरी घरात टिल्लूच. जन्माच्या वेळी श्वास अडकला होता त्याचा. समजतं सगळं, पण सावकाश. बोलतो मोजकं. येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करतोय. आमच्यात तो एकटाच सहलीला निघालाय.

४ एप्रिल

पंक्चर. स्टेपनीतही हवा नाही. बाबा म्हणे, "मागच्या वर्षी होती."

५ एप्रिल

प्रेसवाल्या काकांकडे. बाबा आणि ते एकाच छापखान्यात, शेजारशेजारच्या मशीनवर, सगळी नोकरी. रिटायर झाल्यापासून भेट नाही. दारातच दोघं एकमेकांच्या पाठी बडवत सुटले. म्हटलं, चला, एवढ्यासाठी का होईना, आलो ते बरं झालं.

पाच मिनिटं टिकलं. काकू टिल्लूपुढे वाकल्या आणि एकेक अक्षर सुटं करून — "बा-ळा, जे-व-लास का?" टिल्लू म्हणाला, "मला ऐकू येतं." काकू हसल्या. आईसुद्धा हसली! कशाला?

बाबांचं काहीतरी चाललंय. गॅरेजवरची रिकामी खोली बघायला दुखरे गुडघे घेऊन जिना चढले. पाणी येतं का, खिडकीला गज आहेत का, खाली हाक मारली तर ऐकू येते का. जणू उद्या राहायलाच येणार. मग काकांना घेऊन अंगणात गेले. बराच वेळ. परत आले तेव्हा काका आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसले. निघताना पाठ बडवणं वगैरे काही नाही. नुसते हात हलले.

६ एप्रिल

दिवसभर गाडीत. पुढे आई-बाबा, दोघांचीही मान सरळ. "काय झालं?" — "काही नाही." आमच्या घरात काही नाही म्हणजे काहीतरी नक्की.

७ एप्रिल

मामाकडे. आठवा मजला, नवा फ्लॅट, सगळं पांढरं. टिल्लू सोफ्यावर बसणार, तेवढ्यात मामी धावत आली आणि त्याच्या खाली जुनी चादर अंथरली. फक्त त्याच्या. "डाग पडतात गं लगेच." मी मुद्दाम चहाचा कप घेऊन उरलेल्या पांढऱ्या भागावर जाऊन बसले आणि पाय वर घेतले. आईने डोळे वटारले. माझ्यावर! मामीवर नाही.

टिल्लू मात्र मजेत. लिफ्टने वर-खाली करतोय, लोकांना मजले विचारतोय. एक बाई त्याला थँक्यू म्हणाली. जेवताना दोनदा सांगितलं त्याने.

८ एप्रिल

रागाने नुसतं खरडतेय. अक्षर लागणार नाही नंतर. न लागो.

सकाळी ओला टॉवेल वाळत घालायला बाल्कनीकडे गेले. आत आई आणि मामा. आई म्हणत होती, "आमच्यानंतर रे. आत्ता नाही. त्याचं स्वतःचं स्वतः करतो सगळं. आवाज नाही, त्रास नाही." आणि मामा, ज्याला आईने हाताने भरवून मोठा केला, तो म्हणाला, "ताई, फ्लॅट लहान आहे गं." आठव्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा फ्लॅट! शिवाय म्हणे, मामीचा स्वभाव तुला माहीत आहे.

आई म्हणाली, "बरं बरं, नुसतं विचारलं." असं म्हणाली, जणू वाटीभर साखर मागितली होती.

तर ही सहल! दारोदार फिरून मुलगा दाखवतायत. नीट जेवतो बघा, स्वतःचे बूट स्वतः घालतो बघा. म्हणून निघायच्या आधी त्याला नवे शर्ट. म्हणून ती गॅरेजवरची खोली. आणि तो शेजारी बसून ट्रकला हात करतोय.

आणि मी? मी कोण आहे? घर आहे मला. दोन खोल्या आहेत. दुसरी खोली घेतली ती कुणासाठी? लॅबमधला एक भला माणूस दोन वर्षं लग्नाचं विचारत राहिला, त्याला नाही म्हणाले ते कुणासाठी? हे कुणी मला करायला सांगितलं नव्हतं, मान्य. पण आई-बाबांना दिसलंही नाही? मामीला विचारतात! चादरवाल्या मामीला!

९ एप्रिल

पेट्रोल पंपावर भांडले. टिल्लू दुकानात सरबताच्या बाटल्या आणायला गेला, तेवढ्यात बाबांच्या हातून किल्ली काढून घेतली. म्हटलं, उत्तर मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही. मला का नाही विचारलं?

बाबा रुमालाने बॉनेट पुसायला लागले. आई म्हणाली, "तू हो म्हणाली असतीस. म्हणूनच नाही विचारलं."

बाबा म्हणाले, "तुझ्या वाट्याचं आम्ही आधीच पुष्कळ घेतलंय."

म्हणजे माझ्यावर उपकार चाललेत! मला न विचारता माझी सुटका! मी ओरडले. पंपावरचा माणूस नळी हातात धरून बघत उभा. मी म्हटलं, तुम्ही कोण माझ्या वतीने ठरवणारे? एकदा, एकदा तरी विचारायचं! मी काय म्हणते ते ऐकायचं तरी!

टिल्लू आला. चौघांना चार बाटल्या. माझं तोंड बघून त्याने माझ्या बाटलीचं झाकण उघडून दिलं.

पुढे गाडी मी चालवली. क्लच व्यवस्थित कळतो.

१० एप्रिल

शेवटचं घर. आत्या. बाबा इथे यायचं ठरवतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. ही त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान, यांच्या खांद्यावर वाढलेली. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे आली असताना सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, पोराला शोकेसमध्ये ठेवलंयस तू." बाबांनी दार दाखवलं. तेव्हापासून बंद.

खाली तिची लाँड्री, वर घर. पायरीवरच गरम वाफ आणि साबणाचा वास. दोन मोठी मशीनं घुमतायत, त्यांच्या आवाजात आत्या गिऱ्हाइकाशी वाद घालतेय. आम्हाला पाहिलं. गळाभेट नाही, रडणं नाही. "आलात? वर चला, येते." मग टिल्लूकडे मान वर करून — "तू थांब. वरच्या दोरीला हात पोचतो का तुझा?"

पोचला. पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी ओल्या चादरींची टोपली दिली त्याला! अकरा वर्षांनी आलेल्या भाच्याला!

मी बाबांकडे पाहिलं. आता भडकतील. नाही भडकले. कठडा धरून जिना चढले.

११ एप्रिल

फुकटचा नोकर मिळालाय हिला. सकाळपासून चादरी, दुपारी घड्या. मी मदतीला गेले तर टिल्लू म्हणाला, "तुझी घडी वाकडी येते." खरंय, पण ते महत्त्वाचं नाही.

१२ एप्रिल

आज व्हायचं ते झालं. टिल्लूने इस्त्री धरली आणि गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला. पाठीवर चांगला तळहाताएवढा डाग. मी जिन्यात होते. आत्याचा आवाज — "डोळे कुठे होते तुझे? आं? सांगितलं होतं ना, इस्त्री कपड्यावर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत!" दुकानात चार माणसं. टिल्लूची मान खाली, कान लाल.

मी दाणदाण उतरले. काय काय बोलले! तुला लाज वाटत नाही का, तो कसा आहे तुला माहीत नाही का, त्याच्यावर आजवर कुणी आवाज चढवला नाही —

टिल्लूने मला हाताने बाजूला केलं. हळूच, पण केलं.

"ताई, तू वर जा. आमचं काम चाललंय."

मग आत्याला म्हणाला, "मी त्यांना सांगतो." आणि त्या गिऱ्हाइकासमोर जाऊन उभा राहिला. "शर्ट माझ्याकडून जळला." तो माणूस आत्यावर भडकायच्या तयारीत आला होता, याची उंची बघून जरा थबकला, आणि मग यालाच चार शब्द सुनावले. टिल्लूने ऐकून घेतले. सगळे.

वर येऊन बसलेय. खाली मशीन घुमतंय. त्याच्यावर आजवर कुणी आवाज चढवला नाही — हे मी भूषण म्हणून सांगत होते.

१३ एप्रिल

दुपारी जेवायला सगळे. बाबा दोनदा खाकरले, दोनदा पाणी प्यायले. शेवटी आत्याच म्हणाली, "दादा, कशाला आलास ते मला कळतं. पण मला नको विचारूस. तो समोर बसलाय, त्याला विचार."

आई सगळ्यांना भात वाढायला लागली. मी पेल्यांत पाणी ओतलं. पंपावर एवढा घसा फोडून ओरडले, मला का नाही विचारलं म्हणून. त्याला विचारावं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

बाबा ताटातला भात कालवत म्हणाले, "टिल्लू... आम्ही नसू तेव्हा... तुला कुठे..."

टिल्लूने घास संपवला. त्याला सगळं माहीत होतं. पहिल्या घरापासून. "काकांकडे बाग चांगली आहे. मामाकडे लिफ्ट आहे. इथे काम आहे." मग थोडं थांबून, "मी इथे राहतो. तुम्ही मेल्यावर नाही. आत्ता."

आईचा हात ताटातच राहिला.

आणि मी काय करावं? मी त्याच्यावर चिडले! "माझ्याकडे का नाही?"

"तू दिवसभर दवाखान्यात असतेस. मी काय करू तिथे?" विचार करून पुढे म्हणाला, "आणि तू सारखी चिडतेस."

आत्या एवढी हसली की ठसका लागला. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अकरा वर्षांनी. ती म्हणाली, "मी ओरडेन हां त्याच्यावर. चुकला की ओरडेन." बाबा म्हणाले, "ओरड."

१५ एप्रिल

परतीला लागलो. मागे मी एकटी, पाय लांब करता येतात. आई खिडकीकडे तोंड करून रडतेय. बाबा चुकीच्या रस्त्याला लागलेत आणि कोणीच काही बोलत नाहीये.

राग आहे अजून. कुणावर ते सापडत नाही. एवढी वर्षं मी तयार होते. कधीही बोलवा, मी तयार! आणि बोलावलंच नाही कुणी. हायसंही वाटतंय, आणि त्या हायशा वाटण्याचा तर फारच राग येतोय.

२९ एप्रिल

टिल्लूचा फोन. स्वतः लावला. मी म्हटलं, रविवारी येते. "रविवारी नको, गर्दी असते. मला सुट्टी विचारावी लागेल. तुझं काय काम आहे?"

म्हटलं, काम काही नाही रे. नुसतं भेटायचंय.

"बरं," म्हणाला. "मग ये."