एकमताचा व्हॉल्व्ह

मंगळवार, फाल्गुन वद्य सप्तमी. मुक्काम अक्काकडे.

अक्काच्या गावच्या पाणी सोसायटीची बैठक. बातमी होण्यासारखं काही नाही, पण डोक्यातून जात नाही. तलावावर वरच्या वस्तीचा एक पंप, खालच्या वस्तीचा एक. दोन्हींचं पाणी एकाच पाइपात. एक बंद पडला की दुसऱ्यानं उपसलेलं पाणी बंद पंपातून उलटं तलावात. इलाज साधा: प्रत्येक पंपापाशी पाणी परतू न देणारा एकेक व्हॉल्व्ह.

पण वरच्यांचा व्हॉल्व्ह राखणार खालच्यांचं पाणी, अन् खालच्यांचा वरच्यांचं. परोपकाराची सुभाषितं मी जन्मभर घोकली. इथं कुणाला ती आठवलेली दिसली नाहीत.

"तुमच्या पाण्याची राखण आमी कावून करायची?" वरचे म्हणाले.

"मंग आमीच पुण्य कमवावं काय बे?" खालचे.

चेअरमननी सुवर्णमध्य काढला: दोन्हींचं पाणी एकत्र आल्यावर, पुढच्या सामाईक पाइपात एकच व्हॉल्व्ह. टाळ्या. एकमतानं मंजूर! अरे, पण दोन पंपांमधली वाट उघडीच राहिली की; पाणी बंद पंपातून परत तलावात जाणारच. मी तसं म्हणालो.

"पत्रकारसाहेब, लई दिसांनी भांडण मिटलंय. पुन्ना लावू नका," चेअरमन म्हणाले.

विषय सोडला. सोडायला नको होता का? एक व्हॉल्व्ह, तोही नको त्या जागी.

अक्काची मोसंबीची बाग पाइपाच्या अगदी शेवटी; पाणी घटलं की आधी तिथंच तुटतं. बैठकीत ती मागं बसून ऐकत होती. घरी चहा ठेवताना म्हणाली, "बापू, निम्मी झाडं तोडते. निम्मी तरी जगतील. कंची तोडायची, ते उद्या तूच सांग. माज्यानं न्हाई व्हायचं."