खडकाची सावली

शुक्रवार, संध्याकाळ

जोसेफ भाऊजी आला होता. त्यानं होडीवर नवं मशीन बसवलंय, दोन्ही अंगांचा समुद्राचा तळ पडद्यावर दाखवणारं. माझा नवरा फ्रान्सिस वल्ह्याला कान लावून पाण्यातल्या घोळ माशांचा आवाज ऐकायचा, तेव्हा हाच धाकटा भाऊ हसायचा. फ्रान्सिस गेला आणि यानं होडी नेली. म्हणाला, "बाईला कशाला होडी?"

आज पडद्याचा फोटो मोबाइलवर दाखवत होता. "बघ वयनी, घोळच घोळ! उद्या नवं जाळं इथंच टाकतो. दादाच्या कानाला कदी एवढं दिसलं?"

या मशीनबद्दल मी आधीच वाचलं होतं. मासा तळापासून वर असतो, म्हणून पडद्यावर त्याची सावली त्याच्यापासून सुटी दिसते. फोटोतल्या पांढऱ्या डागांना सावली चिकटलेली होती. खडक आहे तो. जाळं फाटणार.

सांगावं का? फ्रान्सिसनं सांगितलं असतं. मी फ्रान्सिस नाही. म्हटलं, "होय भाऊजी, घोळच."

ती चिकटलेली सावली अजून डोळ्यांपुढं आहे. एक फोन केला तर जाळं वाचेल. करणार नाही.

रविवारी फादरांपुढं कबूल करीन. पश्चात्ताप झाला, असं मात्र म्हणणार नाही.