तुमचं अडतीस

मंगरूळपीर
१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

सौ. वैजयंती वहिनीले रत्नमालाचा नमस्कार.

इकडे सारे बरे आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाची शुगर? पोळ्याले पुरणपोळ्या लई खाल्ल्या त्यानं, मी पाह्यलं. सोयाबीन भरलं असन आता.

फोन केला नाही, कारण तुमी तो स्पीकरवर टाकता अन् दादा बाजूले बसून हूं हूं करते. हे त्याच्यासमोर बोलायचं नाही. निदान आज तरी.

माझा खांदा दुखते हे तुमाले माहीत आहे. पोळ्याहून आली तर हात वरच होईना, म्हणून डॉक्टरीणबाईकडे गेली. तिनं खांद्यावरच्या पट्ट्यांच्या खाचा पाह्यल्या. बोट बसन एवढ्या खोल. म्हणे, गोळ्या नंतर, पहिले कोणाकडून तरी माप घेऊन ब्रा बदला. लाज वाटली मले. शेहेचाळीस वर्साची बाई, हपिसात चार माणसं हाताखाली, अन् हे ऐकून घ्या.

बस स्टँडच्या मागं सपना नावाच्या बाईनं दुकान काढलं आहे, फक्त बायांचं. हे काम ती पुण्याहून शिकून आली. रविवारी गेली तिच्याकडे. पडद्याआड नेऊन तिनं टेप लावला, पहिले छातीखालून, मग वरून. सारखी विचारे, "ताई, जास्त घट्ट तर होत नाही?" हे मले जन्मात कोणी विचारलं नव्हतं.

"चौतीस," ती म्हणाली. "पण कप मोठा लागते, डबल डी. तुमी काय घालता?"

"अडतीस. लहान कप."

"अडतीस कोणं सांगितलं तुमाले?"

वहिनी, कोणं सांगितलं?

तुमच्या ट्रंकेतून निघालं होतं ते. माय गेल्यावर तुमीच मले वाढवलं, ते नाही म्हणत नाही मी. तेरा वर्साची झाली तशी तुमी तुमची जुनी अडतीसची बॉडी काढली, मागून दोन टाके मारले अन् म्हणाल्या, "घाल. अन् आता मापात राह्य." त्याच्यावरून जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, श्वास अडकेपर्यंत. पुढं दुकानात सारे माणसंच. आकडा पटकन सांगायचा, कागदात गुंडाळलेलं थैलीत कोंबायचं अन् निघायचं. तेहतीस वर्स तुमचं माप घालून राह्यली मी. अन् तुमचं तरी अडतीस कोणं मोजलं होतं?

एवढंच असतं तर हसून सोडलं असतं.

तुमाले आठवते, शाळेतले सर घरी आले होते? चारशे मीटर पळण्यात. जिल्ह्याले माझं नाव गेलं होतं, तवा आपला जिल्हा अकोलाच होता. दादा वावरात होता. तुमी दारातूनच सांगितलं, "पोरगी आजारी आहे." अन् मी आत, पट्टी बांधून उभी, ठणठणीत. दादाले आजवर वाटते मी भेली म्हणून गेली नाही. दर दिवाळीले "आमची रत्ना भित्री" म्हणते, सारे हसतात, अन् तुमी चिवडा वाढत राहता. एकदा तरी तोंड उघडायचं होतं वहिनी. तेवढं बी झालं नाही तुमच्यानं.

आता माझं सांगतो. पोळ्याले तुमच्या राजूची पोरगी संस्कृती बैलांच्या मागं पळत होती. तेराच वर्साची. मी साऱ्या पाहुण्यांसमोर म्हटलं, "ओढणी घे वं, मापात राह्य." तुमचंच बोलणं, माझ्या तोंडातून. पोरगी आत गेली, ते खांदे वाकवूनच बाहेर आली. आग लागो माझ्या तोंडाले.

काल तिचा फोन आला, बापाच्या मोबाइलवरून, हळूच. मंगळवारी कारंज्याले तालुक्याची पळायची स्पर्धा आहे अन् आजी, म्हणजे तुमी, जाऊ देत नाही म्हणे. काहून, तर "पळताना दिसते."

दिसू द्या.

तुमच्या गावाले येणाऱ्या खेमाच्या जीपीत ही पिशवी देऊन राह्यली. गाठ पक्की मारली आहे, त्याच्यासमोर उघडू नका. आत माझ्या अडतीसच्या तिन्ही ब्रा आहेत, धुऊन, घडी करून. ज्याचं त्याले.

शनिवारी पहिल्या बसनं येतो. संस्कृतीले तयार ठेवा, सपनाले सांगून ठेवलं आहे. मंगळवारी तिच्यासंग मी स्वतः कारंज्याले जाणार. मधात तिचे सर घरी आले तर पोरगी आजारी आहे म्हणू नका. या वक्ती मी आत उभी राहणार नाही. दादासमोर सारं सांगीन, अकोल्यापासून.

यायचं असन तर तुमी बी चला सपनाकडे. नाही तर राहा.

तुमच्या मापातून निघालेली,
रत्नमाला