दर सोळावी पट्टी

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
फवारणी विषबाधा चाचणी चौकशी,
मुक्काम राळेगाव, जि. यवतमाळ.

विषय : आशा सेविका लालीबाई राठोड यांना दोषमुक्त करून अर्जदारास दोषी धरण्याबाबत.
संदर्भ : चाचणी-पट्ट्यांचा रोल क्र. ४१.

महोदय,

१. अर्जदार उर्वशी मुनेश्वर ही रक्तचाचणीच्या पट्ट्या बनविणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. तेथे प्लास्टिक फिल्मचा रोल उलगडत कोरीव, गरम रुळाखालून जातो. फिल्मवर केसाएवढ्या नाल्या उमटतात, वरून दुसरी फिल्म चिकटते व पट्ट्या कापल्या जातात. रक्ताचा थेंब नालीतून खिडकीत येतो. पिवळा रंग आला तर रक्त ठीक. न आला तर फवारणीचे विष अंगात भिनलेले. शेजारच्या नालीत तुलनेसाठी पिवळा रंग मुद्दाम ठेवलेला असतो.

२. दि. १९ ऑगस्ट रोजी रुळाचा टवका उडालेला अर्जदारास दिसला. दर सोळाव्या पट्टीत दोन नाल्यांमधली भिंत उमटत नव्हती. शेजारचा पिवळा रंग खिडकीत झिरपणार, हे तिला कळले होते. रूळ बदलायला दोन तास लागतात. साडेपाचची एसटी चुकली असती. कोणाचाही दबाव नव्हता. तिने ‘योग्य’ असा शेरा मारून सही केली.

३. सप्टेंबरात पूनमसिंग चव्हाण यांना कपाशी फवारताना गरगरले. लालीबाईंनी त्याच रोलची पट्टी लावली. पिवळे आले. “रगत बराबर हाये, भाऊ,” असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पंप घेऊन गेले आणि धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) कोसळले. दवाखान्यातून अकरा दिवसांनी घरी आले. पट्टी चुकीची वाचल्याचा ठपका ठेवून लालीबाईंना घरी बसविण्यात आले.

४. हे कळताच अर्जदार लालीबाईंकडे गेली. सांगायलाच गेली होती. “माह्याच डोयानं दगा देल्ला असन, बाई,” असे म्हणून त्यांनी चहा ठेवला. अर्जदार चहा पिऊन, काही न बोलता परतली. सहीपेक्षा त्या चहाची तिला अधिक लाज वाटते.

५. काल तिने हा अर्ज दोघांसमोर वाचला. लालीबाई उठून आत गेल्या, त्या बाहेर आल्या नाहीत. पूनमसिंग म्हणाले, “मले कायले वाचून दाखवून राह्यली? बाकीच्या पट्ट्या पह्यले वापस आण.”

करिता, रोल क्र. ४१ च्या सर्व पट्ट्या आजच परत मागवाव्यात व लालीबाईंना सन्मानाने कामावर घ्यावे. अर्जदारावर होईल ती कारवाई तिला मान्य आहे.

आपली, दोष कबूल करणारी,
उर्वशी धम्मरत्न मुनेश्वर
दि. १४ ऑक्टोबर २०१९

सोबत : सदोष पट्ट्या तीन, तपासणी-नोंदीची प्रत.

साक्षीदार : पूनमसिंग चव्हाण, शिक्षण दहावी. हात स्थिर राहत नसल्याने सहीऐवजी अंगठा.